‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा? दहावीच्या वहीतल्या एका सवयीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण अमुक एका शाळेचं नाही. मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या वह्या तपासणाऱ्या कुणाही शिक्षकाला ओळखीची असलेली परिस्थिती इथे एकत्र मांडली आहे. मुलांना अलंकारांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत. उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), साधर्म्यवाचक शब्द (सारखेपणा दाखवणारा शब्द) आणि समान गुण असा चार रकान्यांचा तक्ताही त्यांना भरता येतो. पुस्तकातलं उदाहरण आलं की उत्तर अचूक येतं. नवं वाक्य दिलं, किंवा कवितेतली न शिकवलेली ओळ समोर ठेवली, की तीच मुलं चुकतात. महत्त्वाचं म्हणजे सगळी एकाच पद्धतीनं चुकतात. त्या अर्थी हे दुर्लक्ष नव्हे. कुठला तरी नियम चुकीच्या जागी प्रामाणिकपणे लावला जातोय.

तो नियम शोधण्यासाठी ही आठ वाक्यं पुरतात:

१. तिचा आवाज मधासारखा गोड आहे.
२. तो हुबेहूब त्याच्या काकांसारखा दिसतो.
३. कुणीतरी आभाळात शाई सांडल्यासारखा अंधार पसरला.
४. आभाळ भरून आलंय, संध्याकाळपर्यंत पाऊस पडेल असं वाटतं.
५. दरीनं धुक्याची दुलई पांघरली.
६. आजी म्हणजे आमच्या घरावरचं छप्पर.
७. हा पाऊस नव्हे, आभाळाचं रडणं आहे.
८. आईसारखी आईच.

पहिलं, सहावं आणि सातवं बहुतेकांना जमतं: उपमा (दोन वस्तू सारख्या म्हणणं), रूपक (दोन्ही एकच मानणं), अपन्हुती (मूळ वस्तू नाकारून दुसरीच आहे म्हणणं). बाकीच्या पाचांत ठरलेली उत्तरं येतात. दुसरं, तिसरं आणि आठवं ‘उपमा’, चौथं ‘उत्प्रेक्षा’ (एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना). पाचव्याची जागा कोरी राहते, नाहीतर तिथे ‘चेतनगुणोक्ती’ (निर्जीवाला सजीवासारखं वागवणं) लिहून मूल पुढे जातं.

यातली दोन उत्तरं जवळून पाहण्यासारखी आहेत. दुसऱ्या वाक्याचा तक्ता पूर्ण भरलेला असतो: उपमेय ‘तो’, उपमान ‘काका’, साधर्म्यवाचक शब्द ‘सारखा’, समान गुण ‘दिसणं’. एकही रकाना रिकामा नाही, तरी वाक्यात अलंकार नाही. याचा अर्थ तक्ता ही चूक पकडतच नाही. आठव्या वाक्यात मूल उपमेयाच्या रकान्यात ‘आई’ लिहितं, उपमानापाशी अडखळतं आणि मग तिथे ‘दुसरी आई’ लिहितं. ही अडखळ मोलाची आहे. उपमान सापडत नाही, कारण वाक्याला तेच सांगायचंय: आईला तोड नाही, तिची तुलना तिच्याशीच. हा अनन्वय. मुलाच्या मनाला ते जाणवलेलं असतं, पण रकाना भरायचा असल्यामुळे ते जाणवणं पुसलं जातं.

नियम आता दिसतो. ‘सारखा, सम, जसा, प्रमाणे, परी’ दिसलं की उपमा. ‘जणू, गमे, भासे, वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा. ‘नव्हे’ दिसलं की अपन्हुती. असा कुठलाच शब्द नसेल आणि ‘म्हणजे’ असेल तर रूपक. शिकवणीत याला ‘ट्रिक’ म्हणतात आणि ती वर्षानुवर्षं चालते, कारण सरावासाठीची उदाहरणं तिला धार्जिणीच निवडलेली असतात. सरावसंचात ‘अलंकार नाही’ असं उत्तर असलेलं वाक्य जवळजवळ कधीच नसतं. त्यामुळे प्रत्येक ओळीत काहीतरी असणारच असं मूल गृहीत धरतं आणि खुणेचा शब्द शोधत सुटतं. वाक्य वाचायचं राहून जातं.

हा गोंधळ जुना आहे, आणि दहावीच्या मुलांहून कितीतरी मोठ्या लोकांचा झालेला आहे. ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः’ ही संस्कृतातली प्रसिद्ध ओळ ‘मृच्छकटिक’ या नाटकात आहे. अंधार जणू अंगांना लेप देतोय, आभाळ जणू काजळाचा पाऊस पाडतंय, असा तिचा भाव. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकारानं ‘काव्यादर्श’ या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या परिच्छेदात ती चर्चेला घेतली. दंडीचा काळ सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा. तो म्हणतो, ‘इव’ (‘सारखा’ किंवा ‘जणू’) ऐकून काहींना इथे उपमेचा भ्रम होतो. त्याचा मुद्दा व्याकरणाचा आहे: क्रियापद हे उपमान होऊ शकत नाही. अंधाराला कशाची उपमा दिली, असं विचारलं तर उत्तरादाखल एकही वस्तू हाती लागत नाही. हाती लागते ती ‘लेप देणं’ ही क्रिया, आणि ती क्रिया अंधारावर कल्पनेनं लादलेली आहे. म्हणून ही उत्प्रेक्षा. ‘इव’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, हेही दंडी तिथेच नोंदवतो.

आपलं तिसरं वाक्य हीच ओळ मराठी वेशात आहे. ‘शाई सांडल्यासारखा अंधार’ यात ‘सारखा’ नामाला लागलेला नाही, ‘सांडल्या’ला लागलाय. उपमानाच्या जागी वस्तू नसून घटना आहे, आणि ती घटना कधी घडलेली नाही. मराठीत ‘-ल्यासारखा, -त असल्यासारखा’ ही रचना फार वापरात आहे. ती दिसली की थांबावं, पण लगेच उत्प्रेक्षा लिहून मोकळं होऊ नये. ‘पाय मुरगळल्यासारखा तो लंगडत होता’ यात रचना तीच, पण त्याचा पाय खरंच मुरगळलेला असू शकतो. तो साधा अंदाज आहे. शाईच्या दौतीचं तसं नाही.

यावरून दुरुस्तीची पहिली पायरी ठरते, आणि ती अलंकाराच्या नावाच्या आधी येते. हे वाक्य शब्दशः खरं असू शकतं का? काकांसारखा दिसणारा पुतण्या असू शकतो. पाऊस पडेल असं खरंच वाटू शकतं. दोन्ही वाक्यं इथेच बाजूला काढायची. पंडित जगन्नाथ या संस्कृत काव्यशास्त्रकारानं उपमेच्या लक्षणात, म्हणजे व्याख्येत, सादृश्याला ‘सुन्दरम्’ हे विशेषण मुद्दाम जोडलंय, ते याचसाठी. दोन गोष्टी सारख्या आहेत एवढ्यानं भागत नाही, त्या सारखेपणानं वाक्याच्या अर्थाला काही शोभा आणली पाहिजे. दहावीच्या मुलाला ‘शोभा’ समजावणं अवघड जातं, पण ‘खरं असू शकतं का’ हा प्रश्न त्याला लगेच वापरता येतो. तो पूर्ण चाळणी नाही. ‘आवाज मधासारखा गोड’ यावर एखादं चौकस मूल विचारतं, ‘खरंच गोड असेल तर?’ तेव्हा विचारायचं, आवाजाला जिभेवरची चव असते का? गुण एका इंद्रियाचा आणि लावलाय दुसऱ्याला, एवढं लक्षात आलं की मूल स्वतःच पुढे जातं.

पहिल्या ३५ मिनिटांच्या तासिकेत एवढंच करावं. बारा वाक्यं द्यावीत आणि त्यांपैकी चार तरी अलंकार नसलेली असावीत. दोन साध्या तुलनेची, दोन साध्या अंदाजाची. अलंकाराचं नाव उच्चारायला बंदी. मुलांनी फक्त ‘खरं असू शकतं’ किंवा ‘असू शकत नाही’ लिहायचं, आणि नसेल तर का, ते एका वाक्यात. या तासाला वर्ग थोडा अस्वस्थ होतो, कारण परीक्षेत विचारतात ते इथे कुणी विचारत नाही. ती अस्वस्थता सोसावी.

दुसरा प्रश्न: वाक्य कशाबद्दल आहे, आणि मदतीला काय आणलंय? उपमेय-उपमानाची अदलाबदल इथे होते. मराठीत उपमान बरेचदा आधी येतं, ‘मधासारखा आवाज’, आणि पहिलं नाम ते उपमेय असा मुलांचा समज असतो. यावर उपाय मराठीच्या घडणीतच आहे. ‘मधासारखा आवाज, मधासारखी वाणी, मधासारखं बोलणं’ हे तीन प्रयोग फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. ‘सारखा’ चिकटतो उपमानाला, म्हणून ‘मध’चं सामान्यरूप ‘मधा’ झालं. लिंग मात्र तो उपमेयाचं घेतो: सारखा आवाज, सारखी वाणी, सारखं बोलणं. म्हणजे ज्याला शब्द जोडलाय ते उपमान आणि ज्याच्याप्रमाणे शब्दाचा शेवट बदलतो ते उपमेय. ‘प्रमाणे’, ‘सम’, ‘परी’ हे शब्द बदलत नाहीत, तिथे ही खूण उपयोगी नाही. तिथे विचारावं, वाक्य संपल्यावर कशाबद्दलची माहिती वाढली? आवाजाबद्दलची. मधाबद्दल नवं काहीच कळलं नाही.

जाता जाता, जुन्या कवितेतला ‘परी’ फसवतो. ‘चंद्रापरी मुख’ यात तो ‘सारखा’, पण पुष्कळदा तो ‘परंतु’ असतो. शब्द नामाला जोडलेला आहे की सुटा, एवढं पाहिलं तरी बरेचदा उलगडा होतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि दुसरी तासिका पूर्ण त्यालाच द्यावी: दोघांमधलं नातं वाक्य काय सांगतं? यासाठी एकच जोडी घेऊन ती पायरीपायरीनं फिरवायची. धुकं आणि दुलई घेऊ.

धुकं दुलईसारखं दरीवर पसरलं होतं. दोन वस्तू वेगळ्या आहेत, सारख्या आहेत: उपमा.
दरीवरचं धुकं म्हणजे जणू पांघरलेली दुलईच. वेगळेपण माहीत आहे, तरी एकपणाची कल्पना केली: उत्प्रेक्षा.
दरीवर धुक्याची दुलई होती. एकपण गृहीतच धरलं: रूपक.
हे धुकं नव्हे, दरीची दुलई. उपमेय नाकारलं: अपन्हुती.
दुलईहून मऊ धुकं दरीवर पसरलं. उपमेय सरस ठरलं: व्यतिरेक.

दुसऱ्या वाक्यात ‘म्हणजे’ मुद्दाम ठेवलाय. ‘म्हणजे’ दिसला की रूपक ही ट्रिकची उपशाखा आहे, आणि ‘म्हणजे जणू’ एकत्र आले की ती कोसळते. पाच वाक्यं फळ्यावर झाली की मुलांना दुसरी जोडी द्यावी आणि पाचही वाक्यं त्यांनाच लिहू द्यावीत. पाऊस आणि सनई, गर्दी आणि पूर, अशी कुठलीही. स्वतः लिहिताना त्यांच्या लक्षात येतं की शब्द बदलला म्हणून अलंकार बदलत नाही, दावा बदलला की बदलतो. दोनच वस्तू, पण कवी किती ठाम आहे, त्यावर नाव ठरतं. ओळखण्याच्या दहा प्रश्नांपेक्षा लिहिण्याचा हा एक प्रश्न जास्त शिकवतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या तासात रूपक सगळ्यात जास्त निसटतं, आणि निसटतं ते षष्ठीत, म्हणजे ‘चा-ची-चे’ लागलेल्या शब्दांत. पाचव्या वाक्यातली ‘धुक्याची दुलई’ मुलांना दिसत नाही, कारण ‘कापसाची दुलई’ रोजच्या बोलण्यातली आहे आणि दोन्हींचं रूप एकच. ‘दुःखाचा डोंगर’, ‘ज्ञानाचा दिवा’, ‘शब्दांचा मारा’ ही सगळी याच घरातली. तपासायची रीत सोपी आहे: ‘चा-ची-चे’ काढून मध्ये ‘म्हणजेच’ घालावं. धुकं म्हणजेच दुलई, दुःख म्हणजेच डोंगर, हे जमतं. कापूस म्हणजेच दुलई जमत नाही, कारण कापूस दुलईत भरलेला असतो. ‘मामाचा डोंगर’ही जमत नाही, तिथे मालकी आहे. या एका चाचणीनं कवितेतली कितीतरी रूपकं उघडी पडतात.

पाचव्या वाक्यात ‘चेतनगुणोक्ती’ लिहिणाऱ्या मुलाचं मात्र चुकलेलं नाही. ‘दरीनं पांघरली’ यात दरीला माणसासारखं वागवलंय, ती चेतनगुणोक्ती आहेच. ‘धुक्याची दुलई’ हे रूपकही आहे. एका ओळीत दोन अलंकार सुखानं नांदतात. एका गुणाच्या प्रश्नात एकच नाव मागतात म्हणून मुलं दुसरं शोधतच नाहीत. वर्गात निदान ‘आणखी काही?’ असं विचारायची पद्धत पडावी.

याच जोडीतलं एक सहावं रूपही निघतं: ‘दरीनं दुलई पांघरली’, धुक्याचं नावच नाही. संस्कृत परंपरेत उपमानानं उपमेय गिळल्यावर जे होतं, त्याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात. शाळेतली अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं. वर्गात हा भेद उकरून काढण्याची गरज नाही, मात्र शिक्षकाला तो ठाऊक असावा, कारण एखादं हुशार मूल असं वाक्य लिहून ‘हा कोणता?’ विचारतंच.

दुरुस्ती सुरू झाली की उलटी चूक येते. आता मुलांना जिथेतिथे अलंकार दिसू लागतात. खुर्चीचे पाय, बाटलीचं तोंड, नदीचं मुख, घड्याळाचे काटे, सगळ्यावर चेतनगुणोक्ती नाहीतर रूपक. ‘पोटात कावळे ओरडतायत’ यालाही अतिशयोक्ती लावली जाते. या शब्दयोजना मुळात लाक्षणिक आहेतच, त्यामुळे मूल पूर्ण चुकलंय असं म्हणता येत नाही. पण त्या रूढ झाल्यात. खुर्चीच्या पायाला भाषेत दुसरं सोयीचं नावच उरलेलं नाही. कसोटी अशी: हाच अर्थ सांगायला साधा, बिनअलंकाराचा शब्द हाताशी असताना लेखकानं हा निवडला का? निवडला असेल तर अलंकार शोधावा. पर्यायच नसेल, किंवा ठरलेला वाक्प्रचार जसाच्या तसा आला असेल, तर सोडून द्यावा. कवी मात्र रूढ शब्दयोजना पुन्हा जिवंत करू शकतो, आणि तिथे ही कसोटी कमी पडते.

ते पाहायला तिसऱ्या तासिकेत कविता घ्यावी. बालकवींची (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ यासाठी उत्तम, कारण ती फक्त आठ ओळींची आहे आणि तिच्यात ट्रिकला पकडायला जवळजवळ काहीच सापडत नाही. तिच्यातली पायवाट ‘हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे’. इथे वर्ग हमखास दोन गटांत विभागला जातो. एक गट म्हणतो, वाट ‘जाते’ हे आपण रोज म्हणतो, हा रस्ता पुण्याला जातो, यात अलंकार कसला? दुसरा म्हणतो, वाट चालतेय, म्हणजे चेतनगुणोक्ती. पहिला गट मघाची कसोटी नीट वापरतोय, त्याला शाबासकी द्यावी. मग दोघांनाही शेवटच्या ओळीकडे न्यावं: ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’.

इथे वाद राहत नाही. पाण्यात पाय सोडून बसणं ही माणसाची बैठक आहे. झाडाच्या मुळांना पाय म्हणायची रोजच्या बोलण्यात रीत नाही, साधे शब्द हाताशी होते, कवीनं ते घेतले नाहीत. चेतनगुणोक्ती नक्की. इथे चौथा प्रश्न विचारायचा, जो तक्त्यात कधीच नसतो: हे काढून साधं वाक्य लिहिलं तर काय जातं? ‘काठावर उंबराचं झाड होतं, त्याची मुळं पाण्यात गेली होती’ असं मुलांनाच लिहू द्यावं आणि मूळ ओळीशेजारी ठेवू द्यावं. काय गेलं? बसण्यातला निवांतपणा गेला. झाड तिथे किती वेळ आहे आणि उठायची त्याला घाई नाही, हे गेलं. एखादं मूल म्हणतं, तो कुणाची तरी वाट पाहतोय असं वाटत होतं, ते गेलं. दुसरं म्हणतं, नाही, तो एकटा होता. दोन्ही उत्तरं ओळीतल्या शब्दांना धरून आहेत, दोन्ही वहीत यावीत.

आणि मग ‘चालली’कडे परत यावं. झाड बसलेलं आहे हे कळल्यावर तीच वाट वेगळी दिसते. वाट चालतेय, झरा वाहतोय, औदुंबर तेवढा बसलाय. ‘चालली’ हे क्रियापद सुटं घेतलं तर रूढ आहे, ‘बसला’च्या समोर आलं की त्यात जीव येतो. पहिल्या गटातली काही मुलं इथे मत बदलतात, काही बदलत नाहीत. न बदलणाऱ्यांना चूक म्हणू नये. त्यांनी कारण लिहिलं असेल तर त्यांचं उत्तर पूर्ण गुणांचं आहे.

गुण देण्याची पद्धत बदलल्याशिवाय यातलं काही टिकत नाही. घटक चाचणीत अलंकाराच्या प्रश्नाला दोन गुण असतील तर नावाला अर्धा, उपमेय-उपमान बरोबर ओळखण्याला अर्धा, आणि नात्याचं एक वाक्य मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहिलं की एक. अलंकार नसलेलं एक वाक्य प्रत्येक चाचणीत असावं, आणि ते कितवं असेल हे दर वेळी बदलावं. बोर्डाच्या परीक्षेत नावालाच गुण आहेत, अशी तक्रार पालकांकडून येते. ती रास्त आहे. त्यांना दाखवायला वरची आठ वाक्यं ठेवावीत: नुसत्या ट्रिकवर त्यांतली तीन सुटतात, चार प्रश्न विचारले की आठही.

शेवटची चाचणी खुणेचे शब्द उलटे वापरून घ्यावी. ‘सारखं’ असलेली उत्प्रेक्षा, ‘वाटतं’ असलेला साधा अंदाज, षष्ठीत दडलेलं रूपक, ‘म्हणजे’ असलेली उत्प्रेक्षा, आणि ‘म्हणजे’ असलेली साधी व्याख्या, उदाहरणार्थ ‘चौरस म्हणजे चारही बाजू समान आणि चारही कोन काटकोन असलेली आकृती’. या शेवटच्या वाक्यावर कुणी ‘रूपक’ लिहिलं, तर त्या मुलाला पहिल्या तासिकेच्या प्रश्नाकडे परत न्यायचं. नवीन व्याख्या द्यायची नाही.